इतके सारे 'राव' एकमेकांचे कोण लागतात?

फेब्रुवारी २०२४ मध्ये माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले. त्याआधी दहा वर्षे, २०१४ मध्ये, हाच सन्मान रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव यांनी स्वीकारला होता. २०२३ मध्ये संख्याशास्त्रातील आंतरराष्ट्रीय पारितोषिक सी. आर. राव यांना मिळाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, एकशे दोन वर्षांचे आयुष्य जगून, त्यांचे निधन झाले. या तिन्ही वेळी अनेक वाचकांच्या मनात एकच प्रश्न आला असणार: ही मंडळी एकाच घराण्यातली आहेत काय, किंवा निदान एकाच गावची, एकाच जातीची तरी?

उत्तर नकारार्थी आहे. मात्र ते का नकारार्थी आहे हे समजून घेताना भारतातील नावांची रचना प्रांतागणिक कशी बदलते, हे फार स्वच्छपणे दिसते. मराठी माणसाला तर हा विषय इतरांपेक्षा लवकर उमगावा, कारण 'राव' हा शब्द आपण रोज वापरतो. फक्त आपण तो नावात वेगळ्या जागी ठेवतो.

मराठी नावातील 'राव'

यशवंतराव चव्हाण, वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण ही तीन नावे पाहा. तिन्हीत 'राव' आहे, पण तो व्यक्तीच्या नावाला चिकटलेला आहे, आडनाव त्याच्यानंतर येते. यशवंतराव आणि वसंतराव यांच्यात 'राव' समान आहे म्हणून ते नातेवाईक असावेत, असे कोणाही मराठी माणसाच्या मनात येत नाही. इतकेच काय, यशवंतराव कऱ्हाडचे आणि शंकरराव मराठवाड्यातले. त्यांचे आडनावही एक आणि दोघेही मुख्यमंत्री झाले, तरी त्यांची घराणी वेगळी आहेत, हे आपल्याला ठाऊक असते.

'राजा' या शब्दाचे प्राकृतातून घडत आलेले रूप म्हणजे राव. राय आणि राया ही त्याचीच भावंडे. मूळचा हा मान राज्यकर्त्यांचा आणि सरदारांचा. पुढे तो कारभारी, वतनदार, शिक्षक, घरातील वडीलधारे पुरुष अशा सर्वांना मिळू लागला. म्हणजे मराठीत 'राव' ही आदराने जोडलेली उपाधी आहे आणि आडनावाचे काम करणारा शब्द स्वतंत्र आहे.

इंग्रजी पुस्तकांनी मात्र इथे एक गोंधळ करून ठेवला. बाजीराव हे एक नाव तिथे 'बाजी' आणि 'राव' अशा दोन शब्दांत छापले जाते. बाळाजी बाजीराव, माधवराव, नारायणराव यांचेही तसेच. मराठी न जाणणाऱ्या वाचकाला हे सगळे पेशवे 'राव' आडनावाचे वाटतात. प्रत्यक्षात पेशव्यांचे आडनाव भट. एक मोकळी जागा सोडल्याने उपाधीचे आडनाव होते, हे ध्यानात ठेवावे. दक्षिणेत पुढे जे घडले त्याचे मूळ बऱ्याच अंशी याच प्रकारच्या लेखनात आहे.

तेलुगू नावात घराणे सुरुवातीला असते

मराठीत आपण स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम लावतो. तेलुगू भाषकांत घराण्याचे नाव आधी येते. त्याला ते 'इंटिपेरु' म्हणतात, म्हणजे घराचे नाव. त्यानंतर व्यक्तीचे नाव आणि सर्वांत शेवटी, लावायची असल्यास, उपाधी. लिहिताना घराण्याचे नाव बहुधा आद्याक्षरात आखडते. त्यामुळे ज्या अक्षरांकडे आपण दुर्लक्ष करतो, त्यांच्यातच माणसाचे कूळ दडलेले असते.

नरसिंह राव यांचे पूर्ण नाव पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव. पामुलपर्ती हे घराण्याचे नाव, वेंकट नरसिंह हे त्यांचे स्वतःचे, आणि राव ही उपाधी. त्यांच्या मुलांची नावे पी. व्ही. रंगाराव, पी. व्ही. राजेश्वर राव, पी. व्ही. प्रभाकर राव अशी होती. पुढच्या पिढीत कोणती गोष्ट कुटुंबाची खूण म्हणून गेली, हे त्यातील 'पी. व्ही.' सांगतात.

याहून ठळक पुरावा तेलंगणाचे माजी मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांच्या घरात सापडतो. 'के' म्हणजे कल्वकुंतला. त्यांचे चिरंजीव के. टी. रामाराव यांचा 'के'ही तोच. चंद्रशेखर राव यांच्या कन्या कल्वकुंतला कविता. त्यांच्या नावात 'राव' नाही, कारण ही उपाधी परंपरेने पुरुषांच्या नावाला लागते. चंद्रशेखर राव यांचे भाचे टी. हरीश राव यांच्या नावात 'राव' आहे, पण 'टी' म्हणजे तन्नीरु, कारण बहिणीचा मुलगा आपल्या वडिलांच्या घराण्याचे नाव लावतो. आता 'राव' हे आडनाव मानून या चौघांची वर्गवारी केली, तर सख्खी मुलगी कुटुंबाबाहेर पडते आणि वेगळ्या घराण्यातला भाचा आत येतो. पहिल्या अक्षरावरून केली, तर सारे जागच्या जागी बसते.

तेलुगू चित्रपटसृष्टीतही हेच दिसते. अक्किनेनी नागेश्वर राव यांचे चिरंजीव अक्किनेनी नागार्जुन. 'अक्किनेनी' टिकले, 'राव' गळाला. नंदमुरी तारक रामाराव, म्हणजे एन. टी. रामाराव, १९८३ मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. त्यांचे चिरंजीव नंदमुरी बालकृष्ण. जे पिढ्यान्‌पिढ्या टिकते ते आडनाव, अशी व्याख्या केली, तर तेलुगू घरांत ते काम 'राव' करत नाही.

ओघात आलेली एक गंमत अशी की, चंद्रशेखर राव यांच्या चिरंजीवांचेही स्वतःचे नाव तारक रामाराव असेच आहे. चंद्रशेखर राव एकेकाळी एन. टी. रामारावांच्या तेलुगू देसम पक्षात होते, हे त्या नावाकडे पाहताना आठवते. एक नंदमुरी, दुसरे कल्वकुंतला. आद्याक्षर काढून टाकले तर दोन वेगळ्या घराण्यांतील दोन राजकारणी कागदावर एकच माणूस होऊन बसतात.

बंगळुरूचे दोन रामचंद्र राव

कर्नाटकात पद्धत आणखी निराळी. तिथे नावाच्या आरंभी पुष्कळदा गावाचे किंवा वडिलांचे नाव येते. भारताचा पहिला उपग्रह 'आर्यभट्ट' १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात गेला. तो ज्यांच्या नेतृत्वाखाली घडला ते यू. आर. राव म्हणजे उडुपी रामचंद्र राव. उडुपी हे त्यांच्या भागातील गाव. आणि सी. एन. आर. राव म्हणजे चिंतामणी नागेश रामचंद्र राव. यातील नागेश हे वडिलांच्या नावातून आलेले. म्हणजे या दोन शास्त्रज्ञांचे स्वतःचे नाव एकच, रामचंद्र, आणि उपाधीही एकच.

योगायोग इथेच थांबत नाही. १९८४ ते १९९४ या दशकात यू. आर. राव भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे अध्यक्ष होते आणि त्याच दशकात सी. एन. आर. राव भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक होते. दोन्ही संस्था बंगळुरूच्या. एकाच शहरात दोन रामचंद्र राव देशाच्या विज्ञानाची धुरा वाहत होते. एक उपग्रहांचे, दुसरे घन पदार्थांच्या रसायनशास्त्राचे. त्यांच्यात नाते नव्हते. दोघांना वेगळे ओळखायला आधार होता तो फक्त पुढच्या अक्षरांचा.

तंजावरहून बडोद्याला गेलेले दोन माधवराव

मराठी वाचकाने मुद्दाम पाहावे असे उदाहरण तंजावरजवळच्या कुंभकोणमचे आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तंजावरला मराठा राज्य स्थापन केले आणि त्याबरोबर मराठी कारभारी कुटुंबे तमिळ प्रदेशात स्थायिक झाली. अशाच एका देशस्थ कुटुंबात १८२८ मध्ये टी. माधवराव जन्मले. 'टी' म्हणजे तंजावर. ते त्रावणकोरचे दिवाण झाले, मग इंदूरचे. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर बडोद्याची घडी बसवण्यासाठी त्यांना बोलावले गेले आणि अल्पवयीन सयाजीरावांच्या काळात राज्याचा कारभार त्यांनी पाहिला. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये स्वागत समितीचे अध्यक्षही तेच होते.

त्याच कुंभकोणममध्ये १८५० साली दुसरे माधवराव जन्मले, व्ही. पी. माधवराव. तेही त्रावणकोरचे दिवाण झाले, नंतर म्हैसूरचे आणि शेवटी बडोद्याचे. दोन माणसे, जन्मगाव एक, नाव एक, पद एक, त्यातली दोन संस्थानेही तीच. जुने कागद चाळताना नुसते 'दिवाण माधवराव' दिसले, तर साल पाहिल्याशिवाय माणूस ठरवता येणार नाही.

व्ही. पी. माधवरावांचे पूर्ण नाव मात्र आपल्या कानाला लगेच ओळखीचे वाटेल: विश्वनाथ पाटणकर माधवराव. म्हणजे अस्सल मराठी आडनाव नाहीसे झाले नाही. ते मधल्या 'पी'मध्ये आखडून बसले आणि शेवटचा 'राव' आडनावासारखा दिसू लागला. महाराष्ट्रात हेच कुटुंब असते तर त्यांना आपण माधवराव पाटणकर म्हटले असते. माणूस तोच, उपाधी तीच. बदलला तो केवळ क्रम.

मग 'राव' आडनाव झाले कसे?

इंग्रजी अर्जाने. ब्रिटिश अमदानीतील शाळा, न्यायालये, सरकारी नोकऱ्या आणि पुढे विद्यापीठे यांच्या नोंदींमध्ये नावाचा शेवटचा शब्द कुटुंबाचा मानण्याची प्रथा रुजली. ही प्रथा इंग्लंडातील नावांसाठी योग्य होती. मराठी नावालाही ती सहज लागू पडली, कारण आपले आडनाव शेवटीच असते. तेलुगू आणि कन्नड नावांच्या बाबतीत मात्र शेवटच्या रकान्यात जाऊन बसली ती उपाधी. कल्पना करा, दोन अनोळखी माणसे आपल्या नावानंतर 'डॉक्टर' लिहितात आणि कचेरीतला कारकून ते त्यांचे आडनाव म्हणून नोंदवतो. नातवंडांच्या काळात 'सगळे डॉक्टर एका घराण्यातले का?' असा प्रश्न निघणारच. ही कल्पना वाटते तितकी दूरची नाही: पारशी समाजात डॉक्टर हे आडनाव खरोखरच आहे, आणि यष्टिरक्षक फारोख इंजिनियर यांचे आडनाव सर्वांना माहीत आहे.

उत्तरेत हाच शब्द नावाच्या पुढे राहिला. १४५९ मध्ये जोधपूर वसवणारे राव जोधा, १८५७ च्या संग्रामात रेवाडीच्या परिसरात लढलेले राव तुलाराम, हरियाणाचे माजी मुख्यमंत्री राव बिरेंदर सिंह आणि त्यांचे चिरंजीव राव इंद्रजित सिंह, या सर्वांच्या नावात 'राव' पहिला आहे. पुढे असल्यामुळे तो आडनाव समजला गेला नाही. इंग्रज सरकारने दिलेले 'रावसाहेब' आणि 'रावबहादूर' हे किताबही याच घडणीचे. त्यामुळे 'राव' आडनाव वाटावा की किताब, हे बऱ्याच अंशी तो नावात कुठे उभा आहे यावर ठरले.

पण 'राव' म्हटल्यावर जात तरी कळते ना?

ही शंका हमखास येते आणि तिचे उत्तर स्पष्ट द्यायला हवे: कळत नाही. नरसिंह राव तेलुगू ब्राह्मण, एन. टी. रामाराव कम्मा, चंद्रशेखर राव वेलमा, टी. माधवराव देशस्थ, राव तुलाराम अहीर. पाकिस्तानकडून खेळलेले वेगवान गोलंदाज राव इफ्तिखार अंजुम आणि त्या देशाचे संरक्षणमंत्री राहिलेले राव सिकंदर इक्बाल मुसलमान. एकच शब्द निदान पाच-सहा समाजांत, दोन धर्मांत आणि दोन देशांत वावरतो. जो मान अनेक दरबारांनी अनेक समाजांतील माणसांना दिला, त्यावरून आज कोणाची जात ठरवू पाहणे म्हणजे अंधारात बाण मारणे होय. एखाद्या शहरात भाडेकरू किंवा उमेदवार पारखताना लोक आडनावावरून जे आडाखे बांधतात ते मुळात अन्यायाचे आहेत. 'राव'च्या बाबतीत ते चुकीचेही आहेत.

प्रांताचा अंदाजही फार ताणता येत नाही. नरसिंह राव तेलंगणाचे, पण १९८४ आणि १९८९ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले ते आपल्या विदर्भातील रामटेकमधून. ते नागपूरला शिकलेले होते, मराठी उत्तम जाणत होते आणि हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली.

काही 'राव' तर खरेच नात्यातले आहेत

अर्थातच आहेत, पण ते 'राव'वरून ओळखता येत नाहीत. राज्यघटनेच्या मसुद्याचा पाया घालणारे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव, १९४९ पासून १९५७ पर्यंत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असलेले बी. रामाराव आणि पत्रकार व संविधान सभेचे सदस्य बी. शिवाराव हे तिघे सख्खे भाऊ. तिघांना जोडणारे अक्षर 'बी', म्हणजे बेनेगल. किनारी कर्नाटकातील सारस्वत समाजात गावाचे नाव असे पुढे लावले जाते. चित्रपट दिग्दर्शक श्याम बेनेगल यांच्या बाबतीत गावाचे तेच नाव शेवटी गेले आणि आडनाव झाले.

या भावांच्या नावात आणखी एक बारकावा आहे. इंग्रजीत थोरल्या दोघांच्या 'राव'चे शेवटचे अक्षर 'यू' आहे आणि शिवारावांच्या 'राव'चे 'ओ'. टी. माधवरावांचा 'राव' तर त्यांच्या काळात 'आर-ओ-डब्ल्यू' असाही लिहिला गेला. सख्ख्या भावांच्या स्पेलिंगमध्ये फरक आणि परक्या माणसांच्या स्पेलिंगमध्ये साम्य, अशी स्थिती असल्यामुळे इंग्रजी अक्षरे जुळवून नाते शोधण्याचा मार्गही बंद होतो.

याने व्यवहारात काय बिघडते?

बरेच काही बिघडते, आणि सर्वांत जास्त संशोधनात. शोधनिबंधांत लेखकाचा उल्लेख आडनावाने होतो. संख्याशास्त्रात 'क्रेमर-राव' ही मर्यादा आणि 'राव-ब्लॅकवेल' हे प्रमेय सी. आर. राव यांचे, म्हणजे कल्यमपुडी राधाकृष्ण राव यांचे. क्रेमर-राव मर्यादा सांगते की, उपलब्ध माहितीवरून एखाद्या राशीचा अंदाज कितीही कौशल्याने बांधला तरी त्यातील अनिश्चितता एका हद्दीखाली आणता येत नाही. कोलकात्यात १९४५ साली, पंचविशीच्या आत, त्यांनी ती मांडली. त्याच शास्त्रात नमुना पाहणीच्या विश्लेषणासाठी वापरली जाणारी 'राव-स्कॉट' दुरुस्ती मात्र जे. एन. के. राव यांची आहे. विषय एक, 'राव' एक, माणसे दोन. नवखा विद्यार्थी दोघांना एक समजू शकतो आणि एकाचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर जमा होऊ शकते. आयुष्यभराच्या कामाची नोंद अशी भलतीकडे जाणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. यावर उपाय म्हणून २०१२ पासून संशोधकांना 'ऑर्किड' नावाचा सोळा अंकी ओळख क्रमांक घेता येतो, ज्यामुळे निबंध नावाला न जोडता माणसाला जोडला जातो.

दुसरी अडचण पारपत्राची. भारतीय पारपत्रात आडनाव आणि दिलेले नाव असे दोन रकाने असतात. तेलुगू माणसाने पहिल्यात काय लिहावे? इंटिपेरु लिहिले तर शाळेच्या दाखल्याशी क्रम जुळत नाही. 'राव' लिहिले तर पत्नीचे आणि मुलीचे आडनाव वेगळे दिसते आणि परदेशी अधिकारी नात्याचा पुरावा मागतो. रकाना मोकळा ठेवला तर अमेरिकेच्या व्हिसावर 'पहिले नाव अज्ञात' या अर्थाची अक्षरे उमटतात. संयुक्त अरब अमिरातींनी तर नोव्हेंबर २०२२ मध्ये एकच नाव असलेल्या पारपत्रावर भेटीचा व्हिसा देणे थांबवले. मागाहून खुलासा केला की, पारपत्राच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असेल तर चालेल. एका संस्कृतीतील नावाचा साचा साऱ्या जगाला लावला की त्रास नेमका कोणाला होतो, हे यातून कळते.

ग्रंथालयातही हीच तऱ्हा. काही सूचींत माजी पंतप्रधान 'न'मध्ये नरसिंह राव म्हणून सापडतात, काहींत 'र'मध्ये राव म्हणून. म्हणून शोधताना दोन्हीकडे पाहावे.

म्हणजे 'राव' हे आडनाव नाहीच?

असेही म्हणता येणार नाही. उगम उपाधीचा असला, तरी अनेक घरांत दोन-तीन पिढ्यांपूर्वी त्याचे आडनाव झाले आहे आणि ते स्त्रियांच्या नावातही स्थिरावले आहे. परराष्ट्र सचिव राहिलेल्या निरुपमा राव यांच्या नावात ते विवाहाने आले. चित्रपट दिग्दर्शिका किरण राव यांच्या नावात ते सरळ आडनाव म्हणून आहे. अभिनेत्री अदिती राव हैदरी यांनी तर आईकडचे आजोबा, वनपर्तीचे जे. रामेश्वर राव, यांचा 'राव' आणि वडिलांकडचे 'हैदरी' अशी दोन्ही बाजूंची ओळख एकत्र धारण केली आहे. पुरुषाच्या नावापुरती असलेली उपाधी इथे नातीकडे, तीही आईच्या बाजूने, पोहोचली आहे. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही आपली आडनावेही मुळात हुद्दे होते. आज कोणी त्यांना आडनाव म्हणायला कचरत नाही.

वर्तमानपत्रांनी मग काय करावे, हा रास्त प्रश्न उरतो. 'राव म्हणाले' असे लिहिणे चूक नाही, पण एकाच बातमीत दोन राव आले की ते वाक्य निरुपयोगी होते. तेलुगू वाचकांनी यावर तोडगा फार पूर्वीच काढला: एनटीआर, केसीआर, केटीआर, पीव्ही. परक्याला ही टोपणनावे वाटतात, पण त्यांत घराण्याचे अक्षर आणि व्यक्तीचे अक्षर दोन्ही शाबूत असतात. मराठी मजकुरातही पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव, शक्य तिथे इंटिपेरुसह, द्यावे आणि पुढे 'नरसिंह राव', 'चंद्रशेखर राव' असे व्यक्तीचे नाव धरून लिहावे. आपण 'यशवंतराव म्हणाले' असेच लिहीत आलो आहोत. तीच रीत इथेही लागू पडते.